भुताला नाव आहे, बाकीच्यांना नंबर

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेय भागात अथेन्स नावाचं एक छोटं विद्यापीठाचं गाव आहे. गावाच्या कडेने हॉकिंग नदी जाते आणि नदीपलीकडच्या टेकडीवर लाल विटांची एक अवाढव्य इमारत उभी आहे. १८७४ ते १९९३ अशी जवळजवळ एकशेवीस वर्षं तिथे मनोरुग्णालय होतं. आता या परिसराला 'द रिजेस' म्हणतात आणि तो ओहायो विद्यापीठाच्या ताब्यात आहे. मुख्य इमारतीच्या दर्शनी भागात विद्यापीठाचं केनेडी कलासंग्रहालय आहे. त्याची ओळख आहे ती नावाहो विणकाम आणि दागिन्यांच्या संग्रहासाठी. जवळच, रुग्णालयाच्या जुन्या गोठ्यात, 'डेअरी बार्न' हे कलादालन आहे. तिथे दर दोन वर्षांनी 'क्विल्ट नॅशनल' हे आधुनिक गोधड्यांचं प्रदर्शन भरतं.

पण इंटरनेटवर या टेकडीचं नाव टाकलं तर गोधड्या किंवा घोंगड्या आधी येत नाहीत. आधी येतात भुतं. 'अमेरिकेतल्या सर्वांत झपाटलेल्या जागा' अशा याद्यांमध्ये ही इमारत हटकून असते. त्यामुळे टेकडी चढणारे लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे: कापड बघायला आलेले आणि भूत बघायला आलेले. मी पहिल्या प्रकारातली. तरी तिथून परतल्यावर या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येईनात. हस्तकलेचं प्रदर्शन आणि भुताची गोष्ट, दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. माणूस गेला, त्याच्या हातचं काहीतरी किंवा त्याच्या देहाची खूण मागे राहिली, आणि नाव हरवलं. त्या हरवलेल्या नावाचं काय करायचं, याची दोन उत्तरं या एकाच टेकडीवर शेजारी शेजारी नांदतात.

टेकडी

आज ज्या इमारतीकडे बघून अंगावर काटा येतो, ती बांधली गेली होती ती लोकांना बरं वाटावं म्हणून. फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस स्टोरी कर्कब्राइड यांचं म्हणणं होतं की मनोरुग्णालयाची इमारत हाच अर्धा उपचार आहे. तोवर वेड लागलेल्या माणसाची जागा म्हणजे तुरुंग, अनाथ-गरिबांचं आश्रयगृह किंवा घरातला माळा. कर्कब्राइडनी १८५४ साली पुस्तक लिहून आराखडाच दिला: मधोमध प्रशासनाची इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना मागे मागे सरकत जाणारे पंख, म्हणजे प्रत्येक वॉर्डाला वारा आणि ऊन, आजूबाजूला मोकळी जमीन, बागा, शेती. रुग्णांशी माणसासारखं वागायचं, दिवसाला शिस्त लावायची आणि हाताला काम द्यायचं. अथेन्सची इमारत क्लीव्हलंडचे वास्तुविशारद लेव्ही स्कोफील्ड यांनी या आराखड्यावर उभी केली. विटा तिथल्याच मातीच्या, तिथेच भाजलेल्या. पुढे फळबागा आल्या, भाजीचे मळे आले, गोठा आला.

मग जे सगळीकडे झालं तेच इथे झालं. काही शे रुग्णांसाठी आखलेल्या जागेत माणसं येतच राहिली. यादवी युद्धातून परतलेले सैनिक आले, म्हातारे आले, फिट येणारे आले. त्या काळच्या अहवालांत वेडाची कारणं म्हणून बाळंतपण, पाळी जाणं, दारू, हस्तमैथुन, अपस्मार अशा गोष्टी नोंदलेल्या दिसतात. आपल्याकडे चिडवताना 'याला ठाण्याला पोचवा', 'येरवड्याला नेऊन सोडा' म्हणतात. अथेन्सच्या आसपासच्या खेड्यांसाठी ही टेकडी म्हणजे तेच ठाणं-येरवडा होती. १९५०च्या दशकात इथे ७८ इमारती आणि सुमारे १,८०० रुग्ण होते. त्याच दशकात वॉल्टर फ्रीमन हे डॉक्टर इथे येऊन लोबोटॉमी करून गेले: डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून मेंदूतले धागे तोडायचे, आणि तेही एका दिवसात अनेकांचे. पुढे नवी औषधं आली, रुग्णांना समाजात ठेवून उपचार करण्याचं धोरण आलं, वॉर्ड एकेक करत रिकामे झाले आणि १९९३मध्ये रुग्णालय बंद झालं.

इथेच मेलेल्या आणि ज्यांना न्यायला कुणी आलं नाही अशांसाठी परिसरात तीन दफनभूमी आहेत. त्यांत एकोणीसशेहून अधिक माणसं पुरलेली आहेत. बहुतेक थडग्यांवर गुडघ्याएवढासुद्धा नसलेला दगड आणि त्यावर फक्त आकडा. १९४३नंतरच्या दगडांवर नावं दिसू लागतात, त्याआधीच्यांवर नाहीत. हे सगळं निव्वळ क्रौर्यातून झालं असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. वेड ही घराण्याला लागलेली काळिमा मानली जायची. नातलगांनाच नाव नको असायचं. दगडावर आकडा कोरला की खर्च वाचे, आणि घरची लाजही झाकली जाई. गेल्या काही दशकांत मानसिक आजारांविषयी काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि काही वंशजांनी या जागा साफ केल्या, पडलेले दगड उभे केले, जुन्या नोंदींवरून आकड्यांना नावं जुळवायला घेतली. हे काम हळू चालतं आणि त्याचा व्हिडिओ कुणी करत नाही.

डाग

व्हिडिओ होतात ते एका डागाचे. १ डिसेंबर १९७८ला इथली एक रुग्ण बाई दिसेनाशी झाली. शोधाशोध झाली, सापडली नाही. पुढच्या जानेवारीत, सहा आठवड्यांनी, वापरात नसलेल्या एका वॉर्डात तिचा मृतदेह मिळाला. अंगावर कपडे नव्हते. ते शेजारी नीट घडी घालून ठेवलेले होते. हृदय बंद पडून मृत्यू आला असं ठरलं. देह उचलला तेव्हा काँक्रीटच्या फरशीवर माणसाच्या आकाराची खूण उरली होती, आणि घासूनपुसूनही ती गेली नाही. ओहायो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या डागाचं रासायनिक पृथक्करण करून २००८मध्ये न्यायवैद्यक विज्ञानाच्या एका नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. कुजणाऱ्या देहातल्या चरबीचा काँक्रीटशी झालेला संयोग आणि साफसफाईला वापरलेलं आम्लधर्मी रसायन, असा त्याचा खुलासा आहे.

त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नाही. दोन शब्द टाइप केले की ते मिळतं, फोटोसकट. या टेकडीच्या एकशेवीस वर्षांच्या इतिहासात हजारो रुग्ण येऊन गेले, पण बाहेरच्या जगाला साध्या रुग्णांपैकी ज्याचं नाव माहीत आहे असं माणूस जवळपास ही एकच. तिला तिचं नाव मिळालं ते भूत झाल्यावर. तेही असं, की नावाबरोबर तिचं आयुष्य आलं नाही. ती कुठली, कुणाची, तिला काय आवडायचं, टेकडीवर येण्याआधी ती काय करत होती, यातलं काही त्या गोष्टीत नसतं. असते फक्त मृत्यूची रीत आणि फरशीवरची आकृती. एखाद्या चित्राखाली चित्रकाराचं नाव न लिहिता फक्त कॅनव्हास कशामुळे फाटला हे लिहावं, तसं हे आहे.

मला त्या गोष्टीतली एक गोष्ट सोडवत नाही: घडी घातलेले कपडे. भूतकथा सांगणारे हा तपशील 'काय विचित्र!' अशा सुरात सांगतात. पण संस्थेत वर्षानुवर्षं राहिलेल्या बाईच्या हाताला लागलेली ही सवय असेल. कपडा काढला की घडी घालायची. त्यात मला गूढ काही दिसत नाही. तिच्या हातांनी केलेलं शेवटचं काम तेवढंच आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याकडे कुणी काम म्हणून पाहत नाही.

भुताच्या बाजूनेही बोलायला हवं. अथेन्सच्या आसपास भुतांचं आकर्षण रुग्णालयाहून जुनं आहे. १८५०च्या दशकात इथल्या जोनाथन कून्स नावाच्या शेतकऱ्याने आत्म्यांना बोलवण्यासाठी खास लाकडी खोली बांधली होती आणि लांबून लांबून लोक तिथे येत. आजही आसपासच्या पाच दफनभूमी रेषांनी जोडल्या तर पंचकोनी तारा होतो असं सांगतात. विखुरलेले पाच ठिपके रेषांनी जोडून बघा, बहुतेक वेळा कसाबसा तारा होतोच. तरीही एक मान्य करावं लागतं: ज्या काळात नातलगांना, राज्याला आणि गावाला हे रुग्णालय विसरायचं होतं, त्या काळात विसरू दिलं नाही ते भुतांच्या गोष्टींनी. रात्री पैज लावून टेकडी चढलेल्या कुणा पोराने आकडे कोरलेले दगड पाहिले असतील आणि दुसऱ्या दिवशी विचारलं असेल, 'हे नंबर कसले?' भूतकथा दाराशी आणून सोडते. आत काय होतं ते मात्र ती सांगत नाही, कारण तिला दार उघडायचंच नसतं. बंद दारावरच तिचं पोट आहे.

गोठा

डेअरी बार्न १९१४ साली बांधला गेला. रुग्णालयाच्या गाई इथे असत आणि रुग्ण तिथे काम करत. हाताला काम म्हणजे उपचार, हे कर्कब्राइडच्या काळातलं तत्त्व. पण बिनपगारी श्रम आणि उपचार यांच्यातली रेघ पुढे पुसट होत गेली, हेही खरं. साठच्या दशकाअखेर गाई गेल्या. १९७७मध्ये गोठा पाडायचं ठरलं होतं, तेव्हा हॅरिएट आणि ओरा अँडरसन या स्थानिक दांपत्याच्या पुढाकाराने तो वाचला. आणि १९७९मध्ये, म्हणजे वरच्या वॉर्डात तो मृतदेह सापडला त्याच वर्षी, खाली गोठ्यात पहिलं 'क्विल्ट नॅशनल' भरलं. या योगायोगाला कुठला अर्थ चिकटवायचा नाही. पण एकाच आवारात एकाच वर्षी एक दंतकथा आणि एक प्रदर्शन जन्माला आलं, आणि दोन्ही अजून चालू आहेत, एवढं तारखांवरून दिसतं.

'क्विल्ट नॅशनल'ची गरज का पडली? नॅन्सी क्रो, फ्रँस्वाझ बार्न्स अशा कलावंत बायका तेव्हा कापडाचे तुकडे जोडून जे करत होत्या ते कुठेच बसत नव्हतं. पारंपरिक गोधड्यांच्या स्पर्धांना ते पलंगावर घालण्याजोगं वाटत नव्हतं आणि कलादालनांना ते शिवणकाम वाटत होतं. म्हणून त्यांनी स्वतःची जागा उभी केली. प्रदर्शनाचा नियम साधा: कृती स्वतःची कल्पना असली पाहिजे आणि तिची घडण गोधडीची असली पाहिजे, म्हणजे किमान दोन पूर्ण थर आणि ते आरपार जाणाऱ्या टाक्यांनी सगळीभर जोडलेले. बाकी मोकळीक.

मराठी वाचकाला हा नियम ऐकून आपली गोधडी किंवा वाकळ आठवेल. जुनेराचे थर, वरून चांगल्या लुगड्याचं कापड, आणि काठाकडून मध्याकडे चालत गेलेला धावदोरा. तिलाही हाच नियम लागू पडतो. फरक पुढे सुरू होतो. डेअरी बार्नमध्ये प्रत्येक गोधडी भिंतीवर असते, शेजारी पाटी असते, पाटीवर नाव, गाव, कापडाचा प्रकार, तंत्र. तुमच्या माझ्या घरातल्या गोधडीवर नाव नसतं. आजीने शिवली एवढं आठवतं, आणि आजीला पाहिलेली पिढी गेली की तेही नाही.

हा फरक आपल्या आणि त्यांच्या संस्कृतीतला आहे असं समजायचं कारण नाही. १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्यांचं प्रदर्शन झालं. गोधड्या पहिल्यांदाच अमूर्त चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर टांगल्या गेल्या आणि शहरातले समीक्षक थक्क झाले. आकार, रंग, रचना सगळ्यांची स्तुती झाली. करणाऱ्या बायका मात्र बहुतांशी अनामिक राहिल्या. दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी या कला-इतिहासकार बाईंनी त्यावर खरपूस लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की बायका गोधड्यांवर सह्या करत होत्या, तारखा टाकत होत्या, मृत्युपत्रात गोधडी कुणाला द्यायची हे लिहून ठेवत होत्या. अनामिकपणा त्यांनी निवडला नव्हता; तो नंतर जमवणाऱ्यांनी आणि मांडणाऱ्यांनी त्यांच्यावर घातला. अनामिक लोककलावंत ही कल्पना विकायला सोयीची असते. नाव आलं की माणूस येतो, माणूस आला की हिशेब येतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की डेअरी बार्नमधल्या छोट्या पाटीचं वजन कळतं. समोरच्या गोधडीपेक्षा कधी कधी मला ती पाटीच जास्त महत्त्वाची वाटली. या प्रकारच्या कामावर एक आक्षेपही घ्यायला हवा, आणि तो लहान नाही. गोधडीला नाव मिळालं ते तिने पलंग सोडल्यावर. आधुनिक कला-गोधडी पांघरायची नसते. तिला धुवायचं नसतं, तिच्यावर बाळ मुतत नाही, ती झिजत नाही, तिच्यात पुढच्या वर्षी आणखी एक थर घातला जात नाही. वापराच्या वस्तूवर करणाऱ्याचं नाव असावं, ही मूळ मागणी तशीच राहिली आणि वस्तूच वापरातून बाहेर काढून नावाचा प्रश्न सोडवला गेला. आपल्याकडे शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन हल्ली गोधड्या विकायला असतात, त्यांचं याच्या उलट आहे. त्या पांघरता येतात, पण त्यांवर ब्रँडचं नाव असतं. टाके घालणारीचं नाव क्वचितच.

विणकरीण

केनेडी संग्रहालयातला प्रश्न याच जातीचा, पण अधिक गुंतलेला आहे. एडविन आणि रूथ केनेडी या दांपत्याने, त्यातले एडविन ओहायो विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, अमेरिकेच्या नैर्ऋत्येतल्या मूळनिवासींचं विणकाम आणि दागिने जमवले आणि विद्यापीठाला दिले. त्यात नावाहो लोकांच्या, त्यांच्या स्वतःच्या शब्दात दिने लोकांच्या, विणलेल्या वस्तू मोठ्या संख्येने आहेत.

नावाहो विणकाम उभ्या मागावर होतं आणि ते परंपरेने बायकांचं आहे. पैठणीचा पदर ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ते समजायला सोपं जाईल. पैठणीत रंगीत बाण्याचे वेगवेगळे धागे आपापल्या जागेपुरतेच ये-जा करतात, शेजारच्या रंगाशी अडकवले जातात आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. दिने विणकरणीची मूळ युक्ती हीच आहे. तिथे रेशीम-जरीऐवजी लोकर आणि मोरा-पोपटाऐवजी पट्टे, शंकरपाळी, पायऱ्या. नक्षी कागदावर काढलेली नसते, डोक्यात असते.

आता या गालिच्यांच्या प्रकारांची नावं बघा: गनाडो, टू ग्रे हिल्स, टीक नॉस पॉस, क्रिस्टल. ही गावांची, खरं तर तिथल्या व्यापारी ठाण्यांची नावं आहेत. १८६४ ते १८६८ या काळात अमेरिकन सैन्याने दिने लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून बॉस्की रेडोंडोच्या छावणीत डांबलं होतं. तिथून परतल्यावर त्यांचं अर्थकारण या ठाण्यांभोवती फिरू लागलं. लोरेन्झो हबेल, जे. बी. मूर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांना काय आवडेल ते सुचवलं, पांघरायच्या घोंगडीचा जमिनीवर घालायचा गालिचा झाला, आणि शैलीला ठाण्याचं नाव चिकटलं. व्यापाऱ्यांची नावं इतिहासात आहेत. त्या काळच्या विणकरणींची नावं मोजकी. विसाव्या शतकात पुढे विणकरणी नावाने ओळखल्या जाऊ लागल्या, गालिच्याबरोबर त्यांची नावं आणि फोटो जाऊ लागले. पण जुन्या वस्तूंपुढे 'विणकर अज्ञात' ही पाटी जगभरच्या संग्रहालयांत नेहमीची आहे.

इथे या जागेचा संदर्भ मला टाळता आला नाही. पारंपरिक दिने समजुतीत मृत्यूची जागा टाळायची असते. घरात कुणी मेलं तर ते घर सोडून देण्याची रीत होती, कारण मेलेल्याचं अशुभ तिथे घुटमळतं. ज्या लोकांचा हा संकेत, त्यांच्या आज्या-पणज्यांचं विणकाम आज अशा इमारतीत आहे जिच्यात शेकडो माणसं मेली आणि जी त्याच कारणाने प्रसिद्ध आहे. ज्यांनी संग्रह दिला आणि ज्यांनी मांडला त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. रिकाम्या सुंदर इमारतीला चांगला उपयोग मिळाला, वस्तू नीट जपल्या जातात, हे मोलाचं आहे. पण 'ही वस्तू कुठे राहावी' हा प्रश्न करणारीला कधी विचारला जात नाही. नाव नसलेल्या माणसाला विचारता येतच नाही. अनामिकपणाची खरी किंमत इथे आहे. श्रेय जातं ते जातंच, शिवाय ज्याला नकार देता आला असता तो माणूसच नाहीसा होतो.

किनार असलेल्या काही नावाहो गालिच्यांमध्ये एक बारीक रेघ दिसते. आतल्या रंगाचा एक धागा कोपऱ्याजवळ किनार ओलांडून थेट कडेपर्यंत जातो. ज्याला ठाऊक नाही त्याला ती चूक वाटेल. अनेक विणकरणी सांगतात की ही बाहेर पडायची वाट आहे: विणताना मन त्या नक्षीत गुंतलेलं असतं, किनार सगळीकडून बंद केली तर ते आतच अडकेल, पुढचं विणता येणार नाही. तिला विणकरणीची वाट म्हणतात. खिडक्यांना गज असलेल्या वास्तूत ही रेघ बघताना मनात जे यायचं ते येतंच. ते फार वेळ शब्दांत घोळवण्यात अर्थ नाही. रेघेबद्दल एवढंच म्हणेन की 'अज्ञात' म्हणून जिची बोळवण झाली तिने आपण इथे होतो आणि इथून निघालो हे कापडात लिहून ठेवलं आहे. वाचता येणाऱ्यासाठी ती सहीच आहे.

नाव

संग्रहालय ज्या इमारतीत आहे तिला आता लिन हॉल म्हणतात. हे नाव हेन्री लिन यांचं. ते चीनमधून आलेले कुंभारकामातले कलावंत आणि ओहायो विद्यापीठाच्या ललित कला विभागाचे अधिष्ठाता. त्यांची मुलगी माया लिन अथेन्समध्येच १९५९ साली जन्मली आणि वाढली. विद्यार्थी असतानाच तिने केलेल्या आराखड्यावरून १९८२मध्ये वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाचं स्मारक उभं राहिलं. काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर मृत-बेपत्ता सैनिकांची अठ्ठावन्न हजारांवर नावं. पुतळा नाही, घोडा नाही, नावांशिवाय काही नाही. सुरुवातीला लोकांनी तिला शिव्या घातल्या. नंतर त्याच भिंतीपाशी येऊन लोक कोरलेल्या नावांवरून बोट फिरवू लागले, कागद ठेवून पेन्सिलीने नावाचा ठसा घेऊ लागले. आकड्यांचे दगड असलेल्या टेकडीसमोर वाढलेल्या मुलीने नावांची भिंत बांधली, असा कार्यकारणभाव मी लावणार नाही. पण नाव कोरण्याने काय होतं याचा याहून मोठा पुरावा शोधावा लागत नाही.

नाव आणि नंबर यांची झटापट कापडावरच पाहायची तर जर्मनीत जावं लागेल. हायडेलबर्गच्या प्रिन्झहॉर्न संग्रहात एक जाकीट आहे. अग्नेस रिश्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्युबर्टुसबुर्गच्या मनोरुग्णालयात असताना शिवलं. संस्थेतल्या जाड्याभरड्या कापडाचं ते जाकीट तिने आतबाहेर अक्षरांनी भरतकाम करून भरून टाकलं. बरीच अक्षरं आता वाचता येत नाहीत. जी लागतात त्यांत 'मी', 'माझं' असे शब्द आहेत. आणि ५८३ हा आकडाही आहे, संस्थेत तिच्या कपड्यांना दिलेला. तिने आकडा उसवून टाकला नाही. आपल्या 'मी'च्या शेजारी तोही तिने टाक्यांनी लिहिला.

अथेन्समधल्या कापडांकडे आणि डागाकडे बघून एक अपुरेपण वाटतं ते याच जाकिटामुळे. टेकडीवर बाहेरून आलेलं विणकाम आहे, बाहेरून येणाऱ्या गोधड्या आहेत. खुद्द टेकडीवर शिवलं गेलेलं कापड मनात भरेल अशा जागी आलं तर या स्थळाचं चित्र बदलेल. त्या काळच्या अमेरिकन मनोरुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत शिवणखोलीत तयार झालेल्या वस्तूंच्या याद्या असत: इतक्या चादरी, इतक्या उशांच्या खोळी, इतके झगे, इतके शर्ट, आणि मयतासाठी इतकी कफनं. बेरजा चोख. कुणी शिवलं ते सांगणारा रकाना नाही. हे रुग्णांचं, बहुतांशी बायकांचं, हस्तकौशल्य होतं, आणि कर्कब्राइडच्या भाषेत त्यांचा उपचारही. कलेच्या कुठल्याही व्याख्येत न बसलेलं आणि भुताच्या कुठल्याही गोष्टीत न आलेलं.

असं दालन झालंच तर त्यात काय असावं? मला वाटतं, एक साधी चादर, कडेला दुमडून घातलेली टीप, कोपऱ्यात वॉर्डाचा शिक्का. शेजारी त्या वर्षीच्या यादीचं पान. आणि नोंदींवरून जुळवता आली तर त्या वर्षी त्या वॉर्डात राहणाऱ्या बायकांची नावं, वंशजांच्या संमतीने. यातली चादर नेमकी कुणाची हे कळणार नाही, पण यांच्यापैकी कुणाची तरी आहे हे कळेल. भूत बघायला आलेल्यांनाही हे दालन बघू द्यावं. त्यांना टेकडीपर्यंत आणण्याचं काम आधीच झालेलं आहे.